नाळ्याचा ळ

तात्यांच्या पडवीत राहायचं असेल तर आधी ळ काढून दाखवावा लागे. ही थट्टा नव्हे. मी स्वतः काढून दाखवला आहे, भर उन्हात, अंगणातल्या शहाबादी फरशीवर, खांद्यावरची ब्रशांची पिशवी खाली ठेवायचीही सवड न मिळता.

मी तेव्हा वसईकडे नवाच होतो. वडील गेले आणि शाळा चौथीतच सुटली. भुसावळला एका पेंटरच्या हाताखाली पाट्या रंगवायला शिकलो, पण तिथे दोघांचं पोट भरेल एवढी दुकानंच नव्हती. मुंबईच्या अलीकडे उतर, तिथे नवीन दुकानं निघताहेत, असं कुणीतरी सांगितलं आणि मी उतरलो. सोपाऱ्याच्या बाजारात एका किराणावाल्याची पाटी रंगवली. तो म्हणाला, ‘‘नाळ्याला एक बागाईतदार आहे. पडवी रिकामी असते. भाडं घेत नाही, डोकं खातो.’’ माझी त्या वेळची अवस्था अशी होती की डोकं खाऊन कुणी पडवी देत असेल तर मी दोन वेळचं डोकं पुरवायला तयार होतो.

तात्या केळीतून बाहेर आले. गुडघ्यावर खोचलेलं धोतर, अंगात बंडी, कानावर लाल पेन्सिल, ओठांत पान. मी नमस्कार केला तो त्यांना दिसला नाही, पिशवीतून डोकावणारे ब्रश मात्र दिसले.

‘‘पाट्या रंगवतोस?’’

‘‘हो.’’

‘‘ळ काढता येतो?’’

मी खडूने फरशीवर काढला. ते वाकले आणि बाजारात वांगं बघावं तसा त्यांनी तो ळ सगळ्या बाजूंनी बघितला.

‘‘पोटं बरी आहेत. शेपूट भिकार. आता बोलून दाखव. हे गाव कुठलं?’’

‘‘नाये,’’ मी म्हणालो.

आमच्या खानदेशात ळ लिहितात, बोलत नाहीत. केळ्याला केयं, डोळ्याला डोया. शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं, पडवीही गेली. तात्या माझ्याकडे बघतच राहिले. मग घराकडे तोंड करून ओरडले, ‘‘अहो, ऐकलंत का! हा नाये म्हणतो!’’

आतून काकूंचा आवाज आला, ‘‘उपाशी असेल बिचारा. आधी जेवायला बसवा, मग बोलेल नीट.’’

‘‘उपाशी नाही, प्रामाणिक आहे!’’ तात्या माझ्याकडे वळले. ‘‘तुझा य तू आईकडून आणलास. त्याला मी हात लावणार नाही. राहा. पण माझ्या अंगणात ल म्हणालास, तर पिशवीसकट बाहेर.’’

त्या दिवसापासून माझं नाव खानदेश पडलं. आणि बाहेर काढलं जाण्याची जी भीती त्या दिवशी पोटात शिरली, ती पुढे कित्येक वर्षं काकूंच्या हातचं जेवूनही निघाली नाही.

गावात त्यांना ळतात्या म्हणत. मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही. गावाने हा एक केला, आणि तोही कुणाला धड उच्चारता येत नसे. पोरं लांबून ‘‘अळतात्या’’ असं ओरडून पळत. तात्या त्यांना थांबवून सांगत, ‘‘चिडवायचंय ना? मग नीट चिडवा. अ कुठून आला?’’

या सगळ्याचं मूळ एका पुस्तकात होतं. शहरातल्या कुठल्याशा विद्वान मंडळाने एक जाडजूड भूगोलकोश काढला होता. तात्यांनी तो छापायच्या आधीच वर्गणी भरून मागवला होता आणि पार्सल सोडल्यावर पहिलं काय बघितलं असेल, तर आपलं गाव. तिथे छापलं होतं, ‘नाले. वसई तालुक्यातील एक खेडे. येथे पावसाळी ओहोळ पुष्कळ असल्यामुळे हे नाव पडले असावे.’

ल मुळे तात्या संतापले, हे खरं. पण वेडे झाले ते त्या ‘असावे’मुळे.

‘‘आधी नाव चुकवायचं,’’ ते म्हणत, ‘‘मग चुकलेल्या नावाला बाप शोधायचा! एकाला तरी इथे येऊन ओहोळ मोजावेसे वाटले? माझ्या गावाची नाळ कापून नाल्यात टाकली आणि वर म्हणतात, असावे!’’

संध्याकाळी पान लावताना त्यांचा हा खेळच होता. ‘‘विरारला विरजण फार, म्हणून विरार असावे. बोळिंजला बोळ फार. आगाशीला रोज आग लागत असावी. चिंचोटीला चिंचा...’’ इथे थांबून म्हणत, ‘‘हे मेलं बरोबरही असेल. पण ते बघायला कोशवाला गेला नसेल, एवढं मी लिहून देतो.’’

लिहून तर त्यांनी पुष्कळ दिलं. कोशवाल्यांना पत्र पाठवलं, तर उत्तर आलं की आम्ही नाव सरकारी यादीतून घेतलं. कचेरीत लिहिलं, तर उत्तर आलं की आमची यादी इंग्रजी नकाशावरून केली आहे. इंग्रजाच्या तोंडात ळ नाही, त्याने एल लिहिला. तो गेला, एल राहिला, आणि आमच्या माणसाने त्याचा ल केला. शाबूत जीभ असलेल्या माणसाने! तात्यांनी कचेरीला पुन्हा लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की अधिकृत भूगोलकोशात पाहता नाव ‘नाले’ असेच आढळते, सबब दुरुस्तीचे कारण दिसत नाही.

‘‘बघ,’’ तात्या मला म्हणाले, ‘‘हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो ह्याच्याकडे. दोघांनी मिळून माझ्याकडे एकदा बघितलं असतं, तर काम झालं असतं.’’

पत्रांवर विसंबून बसणारे ते नव्हते. पानाची चंची कमरेला असे, आणि पानाला लावायचा चुना बोटावर. कुठेही गावाचं नाव ल ने लिहिलेलं दिसलं की बोट पुढे होई. एसटीच्या थांब्याची पाटी, सोसायटीचा फळा, टपालपेटी, सगळ्यांवर तात्यांच्या बोटाचा पांढरा ळ. पहिल्या सरीत तो वाहून जाई. ‘‘पाऊससुद्धा त्यांच्या बाजूचा,’’ ते म्हणत. लग्नपत्रिका आली की तिच्यावर लाल पेन्सिल फिरवून ती ज्याची त्याला परत. वधूपिता हातात ती पत्रिका घेऊन उभा, आणि तात्या त्याला विचारताहेत, ‘‘मुलगी नाळ्यात देताय की नाल्यात? आधी ठरवा.’’

काकू याला विटल्या होत्या. एकदा जेवण थंड होईपर्यंत पत्र चाललं, तेव्हा दारात येऊन म्हणाल्या, ‘‘तुमच्या पिंडाला कावळा शिवेल हो लगेच. त्याच्यात ळ आहे!’’

तात्या लिहिता लिहिता म्हणाले, ‘‘खानदेशने वाढला तर शिवायचा नाही. त्याच्याकडे कावया असतो.’’

हसलो मी, पण मलाही हा ल एकदा चांगलाच नडला होता. आल्या आल्या मी घरी पत्र टाकलं होतं आणि गावाचं नाव टपालपेटीवरून जसंच्या तसं उतरवलं होतं. आईला वाचता येत नाही. चावडीवर कुणीतरी तिला वाचून दाखवलं, ‘मी सध्या नाल्यात राहतो. जागा चांगली आहे. भाडे पडत नाही.’ आईने उलट कळवलं, बाळा, नाल्यात राहू नकोस. भाडं नाही हे खरं, पण पावसाळा येतोय. जसा असशील तसा घरी ये. तुला कुणी रागावणार नाही. ते वाचताना मला रडू आलं. तात्यांनी पत्र हातातून घेतलं, वाचलं, आणि मला वाटलं आता हसतील. ते हसले नाहीत. ‘‘त्या कोशवाल्यांनी एका बाईला रडवलं,’’ म्हणाले, आणि आत जाऊन आईला स्वतः पत्र लिहिलं. त्यात ळ एवढा मोठा काढला होता की चावडीवरच्या माणसाने म्हणे विचारलं, हे चित्र कसलं?

तात्यांच्या पत्रांना कंटाळून असेल, पण शेवटी कोशाच्या मंडळाने एक माणूस पाठवला. उपसंपादक. टांग्यातून उतरला तेव्हा कोटाला सुरकुती नव्हती. तात्यांनी ओसरीवर सतरंजी अंथरली, काकूंनी शहाळी काढली. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात ‘नाळे’ घोकत होतो, न जाणो मलाच विचारलं तर! पाहुणे शहाळं पिऊन झाल्यावर म्हणाले, ‘‘आम्ही स्थानिक उच्चार प्रमाण मानतो. तो मी येतानाच घेतला आहे.’’

‘‘कुणाकडून?’’

नेमकी त्याच वेळी ती स्थानिक उच्चारवाली वाटेवरून आली. पाचूबंदरची कोळीण, डोक्यावर टोपली. तात्यांच्याच घरी तिचा रतीब होता. पाहुण्यांनी तिला हाक मारली, ‘‘बाई, या गावाचं नाव पुन्हा सांगा.’’

‘‘नालं,’’ ती म्हणाली. ‘‘किती येला सांगू? तुमाला मावरा घेवाचा हाय का नुसता नावच इचारायचा हाय?’’

पाहुण्यांनी तात्यांकडे असं बघितलं की जणू त्यांनीच तिला जन्मापासून शिकवून ठेवली होती. मला वाटलं, आता तात्या तिच्यावर घसरणार. ते उठले, टोपलीतले बोंबील बघितले, वाटा ठरवला, काकूंना ताट आणायला सांगितलं. मग पाहुण्यांकडे वळले.

‘‘ही पाण्याला पानी म्हणते. तुमच्या कोशात पानी छापलंय?’’

‘‘तो बोलीचा प्रश्न आहे.’’

‘‘ती डोळ्याला डोला म्हणते. छापलाय डोला?’’

‘‘अहो, ते सामान्य नाम झालं. हे विशेषनाम.’’

‘‘तिचा ल तिच्या आजीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेला. तुमचा ल साहेबाच्या पाटीवरून उचललेला आहे. दोन्ही एकच वाटतात तुम्हाला?’’

‘‘ल तो ल,’’ पाहुणे म्हणाले आणि घड्याळ बघू लागले.

कोळीण टोपली उचलता उचलता मला म्हणाली, ‘‘काय झयला रं तात्याला? पैशे तं बरोबर दिलं.’’

एवढं होऊनही मंडळाला काहीतरी लाज वाटली असावी. (असावी! तात्या असते तर इथे माझ्या कागदावर पेन्सिल आली असती.) नवी आवृत्ती आली, आणि तिच्यात शेवटी शुद्धिपत्र चिकटवलेलं होतं. तात्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत खाली आले आणि थांबले. मग पुस्तक माझ्यापुढे केलं. तिथे छापलं होतं, ‘नाले’ऐवजी ‘नाले’ असे वाचावे.

सांगायला गेलं की लोक आजही हसतात. तात्या त्या दिवशी हसले नाहीत. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ती पुस्तकात ठेवली, पुस्तक फळीवर टाकलं, आणि पुढे कुठल्याच विद्वानाला पत्र लिहिलं नाही.

आता त्यांच्यासाठी उरली होती ती शाळेची पाटी. गावात प्राथमिक शाळा मंजूर झाली होती आणि बागेच्या टोकाची जमीन तात्यांनीच दिली होती, कुणी मागायच्या आधी. चुन्याचे ळ वाहून जात, पण शाळेची पाटी ऑइलपेंटची, पत्र्यावरची. ती टिकणार. गावातलं प्रत्येक पोर पहिलं अक्षर तिच्यावरूनच वाचणार. आपल्या जमिनीवर तरी ळ लागणार, यात त्यांना शंका नव्हती. ‘‘आणि रंगवणार माझा खानदेश,’’ असं ते ज्याला त्याला सांगत. मला ते ऐकून छाती फुगवावी की पळून जावं, हे कळत नसे.

पाटीचं काम मला खरंच मिळालं. कचेरीतल्या कारकुनाने मजकुराचा कागद हातात ठेवला. ‘प्राथमिक शाळा, नाले.’ खाली शिक्का.

मी चाचरत म्हणालो, ‘‘साहेब, ते लोक नाळे म्हणतात.’’ इतक्या भीतीत ळ कसा आला तोंडातून, देव जाणे.

‘‘तू पेंटर आहेस की भाषापंडित? किती शिकलास?’’

‘‘चौथी.’’

‘‘मग कोशवाल्यांपेक्षा तुला जास्त कळतं का? कागदावर आहे तसं काढ. एक अक्षर बदललं तर हे बिल नाही, आणि तालुक्यातल्या बाकीच्या शाळांच्या पाट्या निघायच्यात, त्याही विसर.’’

बाकीच्या शाळा! तेवढ्या कामावर मी आईला इकडे आणू शकलो असतो. आणि ल काढला तर जाणार कुठे? ज्या घराने मला पडवी दिली, ताट दिलं, आईला पत्र लिहिलं, त्याच घराच्या जमिनीवर मी ल लावू? मी पत्रा घासला, अस्तर दिलं, दोरीला खडू फासून रेघा मारल्या, ‘प्राथमिक शाळा’ रंगवून झालं, आणि पुढे ब्रश चालेना. रोज तात्या विचारत, ‘‘झाली का?’’ आणि मी म्हणे, ‘‘रंग वाळतोय.’’

शेवटी काकूंनीच फोडलं. ‘‘ह्याला काहीतरी झालंय. बोंबलाचं कालवण आहे आणि भात तसाच!’’

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. हात धुतले, पडवीत आले, आणि पत्र्याखाली ठेवलेला तो कागद उचलला. मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. बिल, कारकून, आई, सगळं एकात एक मिसळून सांगितलं. तात्या कागदाकडेच बघत होते.

‘‘शाळेत ळ घातलाय बघ,’’ ते म्हणाले. ‘‘एकाच ओळीत. म्हणजे त्यांना ळ माहीत आहे. घरात ळ असून देत नाहीत, असले भिकारडे लोक.’’

त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला.

‘‘काढ.’’

‘‘काय काढू, तात्या?’’

‘‘ल काढ. बहिरा झालास का?’’

‘‘पण तुमची जमीन...’’

‘‘जमीन माझी, पोट तुझं. आणि नीट काढ. तुझा ल अगदी भिकार असतो, शेपटाला धरून उंदीर उचलल्यासारखा. माझ्या जमिनीवर चूक लागायची तर देखणी चूक लागू दे.’’

ते आत गेले. त्या दिवशी पान लावल्याचा आवाज आला नाही.

मी ल काढला. आयुष्यात तेवढा चांगला ल मी पुन्हा काढलेला नाही. ‘शाळा’मधल्या ळ ची पोटं मात्र कागदावर होती त्यापेक्षा जरा भरली. तेवढं कारकुनाच्या लक्षात आलं नाही. बिल पास झालं, बाकीच्या पाट्याही मिळाल्या. उद्‌घाटनाला आलेल्या साहेबांनी ‘‘नाले गावच्या दानशूर ग्रामस्थांचे’’ आभार मानले. दानशूर ग्रामस्थ पाटीकडे पाठ करून पहिल्या रांगेत बसले होते.

त्यानंतर तात्या शाळेपुढून कधी गेले नाहीत. बागेतून मागच्या बाजूने, पाटाच्या चिखलातून जात. काकू ओरडत, ‘‘समोर धडधडीत रस्ता असताना घरात चिखल कशाला आणता?’’ तात्या म्हणत, ‘‘नाल्यात राहणाऱ्याला चिखलाचं काय!’’ मी पडवीत बसून ते ऐके. त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. बाकी सगळ्या जगाला टोचणारा माणूस मला तेवढं सोडत होता, हेच मला टोचे.

पावसाळ्यानंतर पाटीचा रंग उडाला म्हणून मी तो पुन्हा भरायला गेलो. शिडीवर होतो. खाली गुरुजींनी पहिलीची मुलं अंगणात आणून पाटी वाचायला उभी केली होती. मागचा पाट फुटून बागेत पाणी भरलेलं, त्यामुळे खांद्यावर केळ्यांचा घड घेऊन तात्यांना पुढूनच यावं लागलं. मान खाली घालून ते चालले होते.

गुरुजींनी एका चिमुरडीला पुढे केलं. तिने बोट नाचवत वाचलं, ‘‘प्रा-थ-मि-क शा-ळा, ना-ळे.’’

तात्या थांबले.

‘‘नीट बघ,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘हे अक्षर कोणतं?’’

‘‘ल.’’

‘‘शाब्बास. मग आता वाच.’’

‘‘नाळे.’’

‘‘अगं, ल आहे ना तो?’’

‘‘हो गुरुजी, ल आहे.’’

‘‘मग काय झालं?’’

‘‘नाळे!’’ ती म्हणाली. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्याच गावाचं नाव कसं ठाऊक नाही, असं तिच्या तोंडावर होतं. बाकीच्यांपैकी एकही पोर हसलं नाही. त्यात काही चुकलंय असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मी शिडीवरून तात्यांकडे बघितलं. आता त्यांचे डोळे भरणार, असं मला वाटलं. मी काय त्यांना ओळखत होतो! तात्या भडकले.

‘‘गुरुजी! हे काय शिकवता? लिहिलंय ल आणि पोर धडधडीत ळ वाचतंय! उद्या हीच मोठी होऊन कोश काढील!’’ मग वर बघून, ‘‘खानदेश! तू रंगवलीस ना? तू वाच!’’

घाबरल्यावर माझ्या तोंडून जे यायचं तेच आलं. ‘‘नाये.’’

‘‘लिहिलंय ल, ही वाचते ळ, हा म्हणतो य!’’ तात्या म्हणाले. ‘‘मग पाटी लावलीच कशाला? पत्र्याला गंज येऊ नये म्हणून?’’

त्यांनी घड खाली ठेवला, एक फणी मोडली आणि त्या मुलीच्या हातात दिली. ‘‘घे. साफ चुकलीस. पण घे.’’

दुसऱ्या दिवशी बागेतलं पाणी उतरलं होतं, तरी तात्या पुढच्या रस्त्याने गेले. तिसऱ्या दिवशीही. पुढे तो नेमच झाला. पोरं त्यांना बघून कुंपणाला येत. तात्या चालता चालताच विचारत, ‘‘काय लिहिलंय रे पाटीवर?’’ आणि सगळी एका सुरात ओरडत, ‘‘नाळे!’’ मिठागरावरच्या दोघातिघांचं ‘‘नालं’’ त्यात मिसळून जाई. तात्या थांबत नसत, वळून बघत नसत. फक्त काठी उंच करत आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, ‘‘चूक!’’